माझा धनी ज्युडासपेक्षा नीच आहे, पण धनी आहे

मागच्या अंकात आर्थर राजा आणि त्याच्या गोलमेजावर छोटं टिपण लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ टाकली होती की या कथांमधला सरदार राजासाठी जीव द्यायला एका पायावर तयार असतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी बरोबर पकडलं की ती ओळ अर्धीच होती. जीव द्यायला तयार असणं हा भाग सोपा, अवघड भाग त्याच्या पुढे सुरू होतो आणि युरोपातल्या मध्ययुगीन कवींनी जीव ओतून लिहिलंय ते त्या अवघड भागावरच.

प्रश्न: ताई, मी सेकंड इयर बीएला आहे, इतिहास घेतलाय. सगळे म्हणतात नाइट म्हणजे राजाचे आंधळे भक्त, हुकूम आला की निघाले. पण ही निष्ठा यायची कुठून? जमिनीसाठी, भीतीने, का खरंच मनापासून?

उत्तर: आंधळे हा शब्द आधी बाजूला ठेव, कारण या नात्याची सुरुवातच समोरासमोर बसून व्हायची. सरदार धन्यापुढे गुडघे टेकायचा, दोन्ही हात जोडून धन्याच्या दोन हातांच्या मधे द्यायचा आणि म्हणायचा, मी तुमचा माणूस झालो. ११२७ मध्ये फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, नवा काउंट म्हणजे तिथला सत्ताधीश आला तेव्हाचं वर्णन ब्रुजच्या गॅल्बर्ट नावाच्या कारकुनाने लिहून ठेवलंय. काउंट विचारतो, पूर्णपणे माझा माणूस व्हायला तयार आहेस का, समोरचा म्हणतो हो, मग हातात हात, मग चुंबन, मग संतांच्या अस्थींवर शपथ, आणि हे सगळं उरकल्यावर काउंट हातातल्या छडीने ज्याची त्याची जहागीर त्याला देतो. क्रम बघ, आधी माणूस, मग शब्द, मग जमीन. जमिनीचा लोभ नव्हता असं मी म्हणत नाहीये, भरपूर होता, पण नुसत्या जमिनीवर हे नातं उभं नव्हतं.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा कागद. १०२० च्या सुमाराला अ‍ॅक्विटेनच्या ड्यूक विल्यमने शार्त्रच्या बिशप फुल्बर्टला विचारलं की इमानाची शपथ म्हणजे नेमकं काय काय आलं. फुल्बर्टने उत्तरात सहा गोष्टी सांगितल्या, धन्याच्या शरीराला इजा करायची नाही, त्याची गुपितं आणि किल्ले फोडायचे नाहीत, त्याच्या न्यायाला आणि अब्रूला धक्का लावायचा नाही, मालमत्तेचं नुकसान करायचं नाही, त्याला जे सोपं आहे ते अवघड करायचं नाही आणि जे शक्य आहे ते अशक्य करायचं नाही. पण नुसतं वाईट न करणं पुरेसं नाही असंही तो म्हणतो, सल्ला आणि मदत द्यायलाच हवी. आणि मग शेवटी, ड्यूकलाच लिहिलेल्या पत्रात, तो सांगतो की धन्यानेही आपल्या माणसाशी या सगळ्या बाबतीत असंच वागायचं, नाही वागला तर तोही बेइमान. म्हणजे बेइमान हा शब्द वरच्यालाही लागू होता. हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढच्या सगळ्या कथा वेगळ्या दिसायला लागतात.

प्रश्न: मग धनीच वाईट निघाला तर? सरदाराने काय करायचं, सोडून जायचं की सहन करायचं? अशी एखादी कथा आहे का?

उत्तर: आहे, आणि वाचताना अंगावर काटा येतो. बाराव्या शतकाच्या शेवटाकडचं एक फ्रेंच वीरकाव्य आहे, राउल द काँब्रे. राउल लहान असताना राजा लुई त्याच्या बापाची जहागीर दुसऱ्यालाच देऊन टाकतो, आणि पुढे तोंड बंद करायला म्हणून शब्द देतो की पुढची जी जहागीर रिकामी होईल ती तुझी. मग व्हर्मांद्वाचा हर्बर्ट मरतो, त्याला चार मुलं आहेत, तरी राउल हट्टाला पेटतो की ती जमीन मला द्या. म्हणजे सगळ्या आगीची पहिली काडी राजाने ओढलीय, दोघांना एकच गोष्ट कबूल करून.

राउलबरोबर वाढलेला, त्याच्याच हातून नाइट झालेला बर्निए हा त्या चार भावांपैकी एकाचा अनौरस मुलगा. आता धनी त्याच्याच बापावर आणि काकांवर चालून निघालाय. वाटेत ओरिन्यी गाव लागतं, तिथल्या मठात बर्निएची आई मार्सेंट आहे. ती मुलाला विचारते की तू आपल्याच माणसांवर कसा काय चालून आलास, तेव्हा तो जे म्हणतो त्याचा अर्थ असा, माझा धनी ज्युडासपेक्षा, येशूला पकडून देणाऱ्या त्या शिष्यापेक्षा, नीच आहे, पण माझा धनी आहे, त्याने मला घोडे दिले, कपडे दिले, सगळं जग म्हणेपर्यंत की बर्निए तुझं बरोबर आहे, तोपर्यंत मी त्याला सोडणार नाही. आणि आई काय म्हणते? बाळा, बरोबर आहे तुझं, धन्याची चाकरी कर, देव पावेल. मग राउल ते गाव जाळतो, मठासकट. बर्निएला आई जळताना दिसते, छातीवरचं स्तोत्रांचं पुस्तकही पेटलेलं. आणि तरीसुद्धा तो त्या क्षणी तलवार उपसत नाही.

नातं तुटतं ते नंतर, भांडणात राउल त्याला भाल्याच्या दांडक्याने डोक्यात मारतो आणि रक्त येतं तेव्हा. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटतं, आई जळली तेव्हा नाही आणि एका फटक्यावर तुटलं? पण त्या काळच्या हिशेबाने धन्याने आपल्या माणसाच्या अंगावर हात टाकणं म्हणजे तो करार धन्यानेच मोडणं. मला वाटतं कवीला हा हिशेब किती भयानक आहे हेच दाखवायचंय. राउल नंतर शुद्धीवर येतो, बर्निएचं खोगीर स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालत जायला तयार होतो, म्हणजे सगळ्यांसमोर केवढी नामुष्की पत्करायला तयार आहे बघा. बर्निए म्हणतो, डोक्यातून सांडलेलं रक्त आपणहून परत डोक्यात जाईल तेव्हा बोलू. पुढे तो आपल्या अंगातल्या केसाळ वस्त्राचे तीन केस उपटून राउलकडे फेकतो, तुझंमाझं नातं संपलं हे जाहीर करायची ही रीत होती, न सांगता उलटणं म्हणजे दगा आणि सांगून तोडणं म्हणजे हक्क. मग लढाईत राउल त्याच्याच हातून मरतो, पण बर्निएला त्याचं सुख काही मिळत नाही.

प्रश्न: आर्थर राजा खरा होऊन गेला का हो? एका वाक्यात सांगा.

उत्तर: एका वाक्यात, तुम्ही आम्ही ओळखतो तो आर्थर कवींनी घडवलेला आहे. ११३६ च्या आसपास मॉनमथच्या जेफ्रीने लॅटिनमध्ये त्याचं भरभक्कम चरित्र लिहिलं, ११५५ मध्ये वास नावाच्या कवीने त्यात गोलमेज आणलं, पहिलं कोण बसणार यावरून सरदारांची भांडणं नकोत म्हणून, लॅन्सलॉट या सरदाराला मोठा केला तो क्रेतिएँ द त्र्वाने त्याच शतकात, आणि मग टॉमस मॅलरीने १४६९-७० मध्ये हे सगळं इंग्रजीत आणून संपवलं, जे कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलं. मॅलरी लिहिताना कैदेत होता आणि बाहेर इंग्लंडमध्ये दोन राजघराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली, त्यामुळे कोणाशी इमान राखायचं हा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकी नव्हता.

प्रश्न: स.न.वि.वि. मी निवृत्त शिक्षक. रोलँडने शिंग वेळेवर फुंकलं असतं तर सगळे वाचले असते. मग ती निष्ठा म्हणायची की निव्वळ अहंकार? आमच्या वाचन मंडळात यावरून जोरदार वाद झाला.

उत्तर: सर, नमस्कार. हा वाद ११०० च्या आसपास रोलँडचं ते फ्रेंच वीरकाव्य रचलं गेलं तेव्हाच कवीने सुरू करून दिलाय, त्यामुळे तुमचं मंडळ फार जुन्या परंपरेत बसलंय.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. १५ ऑगस्ट ७७८ ला स्पेनहून परतणाऱ्या फ्रँक राजा शार्लमेनच्या सैन्याच्या पिछाडीवर पिरेनीज पर्वतात रोंसव्होच्या खिंडीत हल्ला झाला, हल्ला करणारे बास्क लोक होते, आणि मेलेल्यांत ब्रिटनीच्या सीमेचा अधिकारी रोलँड होता, शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्डने त्याचं नाव एका ओळीत दिलंय. तीनशे वर्षांनी त्या एका ओळीचं चार हजार ओळींचं काव्य झालं, बास्कांच्या जागी मुसलमान सैन्य आलं आणि फितुरी करणारा रोलँडचा सावत्र बाप गॅनेलॉन आला.

आता तुमचा प्रश्न. रोलँडचा मित्र ऑलिव्हर डोंगरावरून शत्रू बघतो आणि परत परत सांगतो, शिंग फुंक, राजा वळेल. रोलँड नाही म्हणतो, माझी आणि माझ्या घराण्याची नाचक्की होईल. त्याच तोंडाने तो हेही म्हणतो की धन्यासाठी माणसाने ऊन थंडी सोसावी, अंगावरचं कातडं गेलं तरी चालेल. त्याच्या मनात या दोन गोष्टी एकच आहेत, माझं नाव आणि राजाची चाकरी. आणि मला वाटतं घात तिथेच होतो. सगळी माणसं पडल्यावर तो शिंग फुंकायला निघतो तेव्हा ऑलिव्हर संतापतो, त्याचं म्हणणं असं की शहाणपणासकट असेल तर ते शौर्य, तुझ्या उतावळेपणापायी फ्रान्सची माणसं मेली आणि आता राजाला आपली चाकरी कधीच मिळणार नाही. हे शेवटचं फार लागतं, कारण हुकमाची तामिली करता करता रोलँडने राजाची सगळ्यात मोलाची गोष्ट घालवली, वीस हजार माणसं. भांडण आर्चबिशप टर्पिन मिटवतो, म्हणतो, फुंक, मदत वेळेवर येणार नाही पण निदान आपल्याला पुरतील, लांडगे कुत्रे तरी खाणार नाहीत. रोलँड इतक्या जोरात फुंकतो की कानशिलं फुटतात.

तरी मी त्याला अहंकारी म्हणून निकालात काढणार नाही सर. मरताना तो स्पेनकडे तोंड करून पडतो, राजाने बघावं की मी जिंकत मेलो म्हणून, आणि उजव्या हातातला हातमोजा देवापुढे धरतो, जसा मांडलिक धन्यापुढे धरतो, आणि गॅब्रिएल देवदूत येऊन तो घेतो. चुकलेल्या माणसाचाही शब्द पुरा झाला असं कवी सांगतोय, आणि ते मला पटतं.

पण मंडळात पुढच्या वेळी शेवटचा खटला नक्की घ्या. गॅनेलॉन म्हणतो, मी राजाशी दगा केलाच नाही, माझं वैर रोलँडशी होतं, ते मी भर दरबारात, राजासमोर जाहीर केलं होतं, मग हा सूड झाला, फितुरी कशी? आणि रीतीप्रमाणे त्याच्या म्हणण्यात दम आहे, दरबारातले बहुतेक सरदार त्याला सोडायला तयार होतात. एकटा थिएरी, अंगाने किरकोळ माणूस, उठून म्हणतो की रोलँडने तुझं काहीही वाकडं केलेलं असो, त्या वेळी तो राजाच्या कामावर होता आणि तेच त्याचं संरक्षण होतं. म्हणजे खासगी वैरापेक्षा राजाचं काम मोठं. ही त्या काळात नवी आणि धाडसाची गोष्ट होती. निकाल लागतो द्वंद्वाने, थिएरी जिंकतो, गॅनेलॉनला चार घोड्यांना बांधून फाडतात.

प्रश्न: या सगळ्या कथांत तुम्हाला सगळ्यात जास्त रडवणारा सरदार कोणता?

उत्तर: रूडिगर. एका सेकंदाचाही विचार न करता.

१२०० च्या आसपासचं जर्मन काव्य निबेलुंगेनलीड, त्यात हा बेखेलारेनचा सरदार, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठचं पॉख्लार्न. धनी कोण तर हूणांचा राजा एट्झेल, म्हणजे इतिहासातला अटिला. एट्झेलसाठी क्रीमहिल्डला मागणी घालायला हाच जातो आणि तिने यावं म्हणून शपथ घेतो की तुझ्यावर कोणी अन्याय केला तर मी भरपाई करून देईन. तिचा नवरा सिगफ्रिडला तिच्याच भावांच्या सरदाराने, हागेनने, शिकारीला नेऊन रानात मारलंय, तिला सूड हवाय, हे त्या भल्या माणसाच्या लक्षात येत नाही. काही वर्षांनी तिचे भाऊ आणि हागेन पाहुणे म्हणून एट्झेलकडे निघतात, वाटेत रूडिगरकडे उतरतात, तो त्यांचं इतकं करतो की विचारू नका, मुलीचं लग्न धाकट्या भावाशी, गिसेल्हरशी, ठरवतो, मधल्या भावाला, गेर्नोटला, तलवार देतो, आणि स्वतः त्यांना दरबारापर्यंत सोबत करतो. आणि तिथे कत्तल सुरू होते.

आता त्याने कुठल्या बाजूने उभं राहायचं सांगा. एकीकडे धनी आणि धनीणीला दिलेली शपथ, दुसरीकडे आपल्या घरी जेवलेले पाहुणे, होणारा जावई, आणि आपण वाट दाखवत आणलं म्हणून आलेली जबाबदारी. राजा आणि राणी दोघं त्याच्यापुढे गुडघे टेकतात. हे दृश्य डोळ्यांपुढे आणा, ज्याच्यापुढे याने कधीकाळी गुडघे टेकले तो आता याच्यापुढे बसलाय. रूडिगर म्हणतो, महाराज, तुम्ही दिलेली जमीन, किल्ले, सगळं परत घ्या, मी माझ्या पायांनी परमुलखात निघून जातो. सगळ्या काव्यात यापेक्षा प्रामाणिक मागणी कुठे नाही, तो पळत नाहीये, नातं रीतसर परत करतोय. एट्झेल नाही म्हणतो, मग मला कोण मदत करणार? आणि तिथे रूडिगरला कळतं की एक धरलं तर दुसरीकडे पापी, दोन्ही सोडलं तर सगळं जग थुंकणार. शरीराची त्याला पर्वा नाही, आत्म्याची आहे.

तो जातो. दारात उभा राहून पाहुण्यांना सांगतो, स्वतःला सांभाळा, मी लढायला आलोय. आणि मग हागेन, तो दगडासारखा हागेन ज्याने सिगफ्रिडला पाठीत भाला घातला, तो म्हणतो, तुमच्या बायकोने दिलेली ढाल हूणांनी फोडून टाकली, माझ्याकडे ढाल नाही. रूडिगर स्वतःची ढाल काढून त्याला देतो. ज्याच्याशी पुढच्या क्षणी लढायचंय त्याला! हागेन म्हणतो, आता तुम्ही आमच्यातल्या प्रत्येकाला मारलंत तरी माझा हात तुमच्यावर उठणार नाही, आणि तो शब्द पाळतो. शेवटी गेर्नोट आणि रूडिगर एकमेकांच्या घावांनी पडतात, आणि गेर्नोटच्या हातात रूडिगरनेच भेट दिलेली तलवार असते. लोक म्हणतात त्याने जीव दिला, मला वाटतं जीव तर शेवटी गेला, त्याआधी राजाने त्याला जाऊ दिलं नाही तिथेच तो संपला होता.

प्रश्न: लॅन्सलॉटला सगळ्यात निष्ठावान नाइट म्हणतात हे मला कधीच पटलेलं नाही. राजाच्या बायकोवर प्रेम करणारा निष्ठावान कसा?

उत्तर: तुमचा राग बरोबर आहे आणि मॅलरीलाही ते झाकायचं नाहीये. पण एक बारीक गोष्ट बघा. आर्थरने लॅन्सलॉटला नाइट केलं त्या दिवशी तलवारीचा घोटाळा झाला होता, मॅलरीकडे ती लॅन्सलॉटकडून हरवते आणि राणीला सापडते, त्याआधीच्या फ्रेंच गद्यकथेत राजा तलवार बांधायची राहून जातो आणि लॅन्सलॉट ती मुद्दाम राणीकडून मागवून घेतो. दोन्हीकडे अर्थ एकच, नाइटपद राजाकडून आणि तलवार राणीकडून. मग हा माणूस नक्की कोणाचा? पहिल्या दिवसापासून तो दोघांचा आहे आणि दोघांशी पूर्ण खरा राहणं अशक्य आहे.

त्याचा गुन्हा खरा आहे, त्याची निष्ठाही खरी आहे. आर्थर त्याच्या किल्ल्याला वेढा घालतो, लढाईत लॅन्सलॉटचा नातलग बोर्स आर्थरला घोड्यावरून पाडतो, तलवार उपसून विचारतो, संपवू का हे युद्ध? एका घावात सगळं मिटलं असतं. लॅन्सलॉट म्हणतो, हात लावलास तर तुझं डोकं जाईल, ज्याने मला नाइट केलं त्या राजाला मेलेला किंवा अपमान झालेला मी बघणार नाही, आणि स्वतः खाली उतरून आर्थरला परत घोड्यावर बसवतो. राजाच्या डोळ्यांत पाणी येतं.

माझा जीव मात्र गॅरेथमध्ये जास्त अडकतो. राणीला जाळायची शिक्षा होते तेव्हा आर्थर गवेनला हजर राहायला सांगतो, आणि गवेन, राजाचा सख्खा भाचा, तोंडावर नाही म्हणतो, असल्या कामात मी उभा राहणार नाही. त्याच्या धाकट्या भावांना, गॅरेथ आणि गॅहेरिसला, नाही म्हणता येत नाही, ते जातात पण निषेध म्हणून चिलखत आणि शस्त्रं न घेता जातात. लॅन्सलॉट राणीला सोडवायला घुसतो आणि त्या गर्दीत न ओळखता दोघांनाही मारतो. गॅरेथला नाइट केलं होतं ते लॅन्सलॉटनेच. गोलमेज फुटतं ते खरं इथे, कारण यानंतर गवेन कुठलीच तडजोड होऊ देत नाही. गवेनने हुकूम मोडला तो जगला, भावांनी अर्धा पाळला ते मेले, आणि यातला कोणीही राजाचा वाईट चिंतणारा नव्हता.

प्रश्न: राजाने हाकलून दिल्यावरही निष्ठा ठेवणारा कोणी आहे का?

उत्तर: स्पॅनिश वीरकाव्यातला एल सिद, म्हणजे बीव्हारचा रोद्रिगो दियास. राजा अल्फोन्सो सहावा त्याला १०८१ मध्ये हद्दपार करतो. काव्यात बुर्गोसमध्ये त्याला कोणी दार उघडत नाही कारण उघडलं तर घर आणि डोळे दोन्ही जातील असं राजाचं फर्मान आहे, आणि हे त्याला सांगायला बाहेर येते ती नऊ वर्षांची मुलगी, बाकी कोणाची हिंमत नाही. खिडक्यांतून लोक म्हणतात, केवढा चांगला मांडलिक, धनी चांगला असता तर! सिद लढत लढत पुढे जातो आणि लुटीतून राजाला नजराणे पाठवत राहतो, आधी ३० घोडे, मग १००, मग २००. शेवटी ताहो नदीकाठी भेट होते तेव्हा तो जमिनीवर पडून दातांनी गवत चावतो, मी सर्वस्वी तुमचा हे सांगायची ती पद्धत. हे काव्य आहे बरं का, इतिहासातला रोद्रिगो हद्दपारीत सारागोसाच्या मुसलमान राजाच्या चाकरीत होता आणि १०९४ मध्ये व्हॅलेन्सिया घेतलं ते प्रत्यक्षात स्वतःसाठी. पण कवीने त्याचा अल्फोन्सोशी असलेला धागा तुटू दिला नाही, आणि मला त्यात कवीची स्वतःची तळमळ दिसते, राजाने सुधारावं ही.

प्रश्न: कथा पुरे, खऱ्या आयुष्यात असं वागलेला एक तरी माणूस सांगा.

उत्तर: विल्यम मार्शल, इंग्लंड. त्याच्यावर १९ हजारांहून जास्त ओळींचं फ्रेंच चरित्रकाव्य आहे, घरच्यांनी लिहवून घेतलेलं त्यामुळे कौतुक जरा जास्तच आहे, पण मोठे प्रसंग खरे. ११८९ मध्ये म्हातारा हेन्री दुसरा आजारी, मुलगा रिचर्ड त्याच्यावर उलटलेला, सगळे उगवत्या सूर्याकडे चाललेले. मार्शल म्हाताऱ्याला सोडत नाही, पाठलाग करणाऱ्या रिचर्डला अडवतो आणि त्याचा घोडा मारतो, त्याला नाही. महिन्याभरातच हेन्री वारतो आणि रिचर्ड राजा होतो. आता मार्शलचं काय होणार असं सगळ्यांना वाटलं, तर रिचर्डने त्याला माफ केलं आणि इझाबेल द क्लेअरसारख्या मोठ्या वारसदारणीशी त्याचं लग्न लावून दिलं. बापाला सोडलं नाही तो मलाही सोडणार नाही, हा विचार त्यामागे असावा असं मला वाटतं.

नंतरचा जॉन राजा तर संशयी, त्याने मार्शलची मुलं ओलीस ठेवली, आणि १२१५ मध्ये अनेक सरदारांनी जॉनशी नातं तोडल्याचं जाहीर केलं, तेच ते तीन केस फेकण्यासारखं. मार्शल राहिला. १२१६ मध्ये जॉन मेला, मागे नऊ वर्षांचा मुलगा, तिजोरी रिकामी, अर्धं राज्य फ्रेंच राजपुत्राकडे. चरित्रात असं आहे की मार्शल म्हणाला, सगळ्यांनी सोडलं तरी मी या पोराला खांद्यावर घेऊन बेटाबेटावर फिरेन, भाकरी मागावी लागली तरी. पुढच्या वर्षी लिंकनच्या लढाईत सत्तरीचा हा माणूस घोड्यावर होता. मी एवढं सगळं वाचल्यावर पण त्या खांद्यावरच्या पोराशीच परत परत येते.

प्रश्न: ताई, मी आठवीत आहे. आर्थर मरत असताना बेडिव्हिअर खोटं का बोलला? तो तर चांगला होता ना?

उत्तर: चांगलाच होता रे. आर्थर जखमी पडलाय, जवळ एकटा बेडिव्हिअर उरलाय, आणि राजा सांगतो माझी तलवार एक्सकॅलिबर पाण्यात टाकून ये. तो जातो, मुठीवरची रत्नं बघतो, आणि झाडाखाली लपवून येतो. काय दिसलं विचारलं तर म्हणतो लाटा आणि वारा. राजाला लगेच कळतं. दुसऱ्यांदाही तेच. मग राजा फार कडू बोलतो, तलवारीच्या मोलासाठी मला फसवतोस म्हणतो. पुस्तकात लोभ असंच कारण दिसतं, आणि तुला तसं वाटलं तर चूक नाही, पण मला वाटतं तलवार पाण्यात गेली म्हणजे राजाही गेला हे त्याला माहीत होतं आणि म्हणून हात उचलत नव्हता. तिसऱ्या वेळी तो फेकतो, पाण्यातून हात वर येतो, ती झेलतो, तीन वेळा फिरवतो आणि आत जातो.

मग तो राजाला पाठीवर घेऊन पाण्यापाशी नेतो. नाव येते, राजाला घेऊन निघते, आणि बेडिव्हिअर काठावरून ओरडतो, आता माझं काय होणार, मला इथे शत्रूंमध्ये एकट्याला टाकून चाललात? आर्थर म्हणतो, तुला जमेल तसं कर, आता भरवसा ठेवावा असं माझ्यात काही राहिलं नाही. नाव दिसेनाशी होईपर्यंत बेडिव्हिअर रडत उभा राहतो, मग रात्रभर जंगलातून चालतो, आणि सकाळी त्याला एक छोटं देऊळ आणि एक ताजी कबर दिसते. तो तिथेच राहतो.